काच पुसता पुसता नळपण बघायचा का?

प्रश्न : नमस्कार काका. मी जुळे सोलापुरात राहतो, खिडक्या-काचा साफ करायचा धंदा आहे माझा, चार वर्षं झाली. मी आणि एक पोरगा, एवढंच. जास्त करून फ्लॅट, त्याशिवाय दोन दवाखाने आणि सात रस्त्याकडचं एक शोरूम महिन्याला ठरलेलं. दिवाळीच्या आधी महिनाभर जेवायला वेळ नसतो आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत फोन वाजत नाही अशी गत आहे. पण ज्यांच्याकडं जातो ती माणसं विचारायलेत, अण्णा तेवढा नळ गळतोय बघा की, मच्छरजाळी फाटलीय, पडद्याचा रॉड लावून द्या, पंखा आवाज करतोय. बायको म्हणते आलेलं काम परत लावू नये, सगळं घे. मित्र म्हणतो हँडीमन सर्व्हिस म्हणून कार्डच छाप, प्लंबिंग, इलेक्ट्रिक, सुतारकाम एका नंबरवर. मला ड्रिल चालवता येतं, नट-बोल्टचं जमतं, नळाचं थोडं यूट्यूबवर बघून शिकलोय. काय करू? रेट कसा लावू आणि परवाना वगैरे लागतो का?
— एक खिडकीवाला, जुळे सोलापूर

उत्तर : कार्ड छापू नका, निदान या दिवाळीपर्यंत तरी नको. माझं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान होतं वीस वर्षं, त्या काउंटरवर असे "सगळं करतो" कार्डवाले किती आले आणि किती गेले ते मी बघितलंय, त्यातला एकजण तर प्लंबिंगचं काम घेऊन माझ्याकडं यायचा आणि मलाच विचारायचा की अँगल कॉक कशाला म्हणतात.

पण काम घेऊ नका असं नाही म्हणत मी. गिऱ्हाईक आपणहून विचारतंय म्हणजे अर्धा धंदा झालेलाच आहे, अनोळखी माणसाला बेडरूमपर्यंत कोण येऊ देतंय हो आजकाल, तुम्हाला येऊ देतात. फक्त काय घ्यायचं ते तुमच्या मित्रानं नाही, तुमच्या वहीनं ठरवावं. एक शंभर पानी वही करा आणि महिनाभर कोण काय विचारतंय ते लिहीत जा, काम केलं नाही तरी लिहा. माझा अंदाज आहे की निम्म्याच्या वर गोष्टी खिडकीच्याच निघतील, आणि तिथंच सुरुवात करा कारण खिडकी तुम्ही दिवसभर हातात धरता, प्लंबर धरत नाही.

स्लायडिंगचंच बघा. बाई म्हणते खिडकी जाम झालीय, दोन हातानं ओढावी लागते. तुम्ही ट्रॅक पुसून देता, दोन दिवस बरी चालते, परत तेच. खिडकीचं सरकणारं पान वर उचलायचं, वरच्या खाचेत गेलं की खालची बाजू आपल्याकडं ओढून बाहेर काढायचं, मग खालच्या दोन्ही कोपऱ्यात रोलर दिसतो. त्यात आपल्या सोलापूरची धूळ, केस, पडद्याचे धागे असं गच्च बसलेलं असतं की चाक फिरतच नाही, घासत जातं, आणि घासून घासून एका बाजूनं चपटं होतं. साफ करून फिरलं तर ठीक, चपटं झालं असेल तर बदलायचं. दुकानात जाताना जुना रोलर खिशात घालून जा, तोंडी सांगून आणलेला रोलर बसत नाही हे मी वीस वर्षं लोकांना सांगितलंय आणि वीस वर्षं लोक तोंडी सांगूनच न्यायचे. आणि तेल अजिबात घालू नका, तेलावर धूळ बसून महिन्याभरात चिखल होतो. घालायचंच तर सिलिकॉन स्प्रे, तोही जरासाच.

तसंच "खिडकी गळते" ही तक्रार. दहातल्या कितीतरी वेळा खिडकी गळत नसते, खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायला छोटी भोकं असतात ती बुजलेली असतात, रंगाऱ्यानं रंग भरलेला असतो नाहीतर सिमेंट. ट्रॅकमध्ये पाणी साठतं आणि आत येतं. एक तार घालून मोकळी करा, मग्गाभर पाणी ओतून गिऱ्हाईकाला दाखवा बाहेर कसं जातंय ते. पाच मिनिटांचं काम आहे पण ती बाई दहा जणींना सांगते. खरंच फ्रेम आणि भिंतीमध्ये फट असेल तर जुनं सिलिकॉन ब्लेडनं पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून नवीन भरायचं, जुन्यावर नवीन मारलं तर धरत नाही. आणि त्या दिवशी ती खिडकी धुवायची नाही, सिलिकॉन वाळायला एक दिवस द्या. ड्रिलचं उलटं, आधी भोक पाडा मग काच पुसा, नाहीतर पुसलेल्या काचेवर विटकरीचा भुगा आणि परत पहिल्यापासून.

आता तुमचे रिकामे महिने बघा कसे भरतात ते. मार्च-एप्रिलला अख्खं सोलापूर कूलर माळ्यावरून खाली काढतं. गवताची पॅड बदलणं, टाकी घासणं, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर काढणं हे साफसफाईचंच काम आहे, तुमच्या हातातलं. लिंबूसत पाण्यात घालून थर सुटतो, अ‍ॅसिड वापरू नका, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तर अ‍ॅसिडचा थेंब पण नको, कायमचा डाग पडतो. कूलरला हात लावायच्या आधी प्लग काढायचा, बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे. पत्र्याच्या बॉडीला करंट येतोय असं गिऱ्हाईक म्हणालं तर तो कूलर तुमचा नाही, इलेक्ट्रिशियनचा. मे-जूनमध्ये ट्रॅकची ती भोकं आणि फटींचं सिलिकॉन, पावसाच्या आधी, आणि आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरातच पडतो त्यामुळं मुदत भरपूर आहे. पावसाळ्यात डास, म्हणजे जाळ्या. जाळी कापणं आणि रबराची दोरी खाचेत दाबणं चार जाळ्यांत हाताला बसतं, पहिल्या दोन स्वतःच्या घरच्या करा.

नळाकडं वळू, कारण तुम्हाला त्याचीच हौस दिसतेय. वॉशर बदलणं सोपंय, मान्य. पण वॉशर बदलायला पाणी बंद करावं लागतं, आणि जुन्या बिल्डिंगमधला वरचा व्हॉल्व्ह दहा वर्षं कुणी फिरवलेला नसतो, तो एकतर फिरत नाही नाहीतर फिरतो आणि बंद होत नाही. मग टाकी रिकामी करायची. पुण्यात ठीक आहे हो, आपल्याकडं नळाला चार-चार पाच-पाच दिवसांनी पाणी, त्या घरच्या माणसानं पहाटे उठून मोटर लावून टाकी भरलेली असते आणि तुम्ही पाच रुपयाच्या वॉशरसाठी ती गटारीत सोडणार! आमच्या गल्लीत यावरून झालेली भांडणं मी ऐकलीत, शब्द इथं छापता येणार नाहीत. म्हणून नळाचं काम घ्यायच्या आधी पहिला प्रश्न, तुमच्याकडं पाणी कधी येतं, आणि दुसरा, व्हॉल्व्ह बंद होतो का, दाखवा. बंद होत असेल तर वॉशर, टेफ्लॉन टेप, जेट स्प्रेचा पाइप एवढं करा. भिंतीच्या आतलं काहीही नको.

भिंतीच्या आतलं म्हटलं की मला माझीच आठवते. दुकानदार माणूस, मला काय येत नाही म्हणून मी घरी बाथरूममध्ये टॉवेलचा रॉड लावायला घेतला. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाच्या बरोबर वर भोक पाडलं. तिथून पाइप वर शॉवरला जातो हे माहीत असून. पाणी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटलं, दोन टाइल फोडाव्या लागल्या आणि त्या डिझाइनच्या टाइल बाजारात बंद झालेल्या, आजही आमच्या बाथरूममध्ये दोन टाइल वेगळ्याच रंगाच्या आहेत, पाहुणे विचारतात. तर नळाच्या आणि शॉवरच्या सरळ वर-खाली, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडवं, ड्रिल लावायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं "काही होत नाही ओ", तरी नाही.

पंख्याचं आणि वायरिंगचं सोडून द्या. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमननं करायचं असा नियम आहे आणि तो उगाच नाही. बल्ब बदला, पंख्याची पाती पुसा, त्याच्या पुढं ओळखीच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर द्या. अशी दोन चांगली माणसं धरून ठेवा, एक प्लंबर एक वायरमन. त्यांच्याकडून कमिशन घेऊ नका असं माझं मत आहे, पन्नास-शंभर रुपयांसाठी तुम्ही त्यांच्या रेटला जबाबदार होता. त्याबदली त्यांना सांगा की कुठं रंगकाम, फरशीकाम झालं की काचेवरचे थेंब काढायला मला बोलवा. यात पैसा बरा आहे आणि स्पर्धा नाही.

रेट. इथं बहुतेक सगळे मार खातात. समजा बाळ्याहून फोन आला, नळ गळतोय, तुम्ही म्हणाला दीडशे रुपये. जुळे सोलापूरवरून बाळे म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, जाऊन बघता तर वॉशर नाही, स्पिंडलच म्हणजे नळातला फिरणारा दांडाच गेलाय, मग दुकान शोधा, पहिल्या दुकानात तो नाही, परत या, बसवा, चहा घ्या, घरी या. दोन अडीच तास गेले, पेट्रोल गेलं, हातात शंभरच्या आत. तेवढ्या वेळात तुम्ही एक वन बीएचके पुसून पाचशे-सहाशे घेतले असते. म्हणजे ते दीडशे रुपये कमावले नाहीत, चारशे घालवले. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पहिलं वर्ष नियम एकच ठेवला असता, काच पुसायला आलोय त्याच दिवशी, त्याच घरात, अर्ध्या तासात आणि पिशवीतल्या सामानात होणारं काम करतो, त्याचे शंभर-दीडशे वरचे. नुसतं दुरुस्तीला बोलावलं तर यायचेच तीनशे, त्यात पहिला अर्धा तास धरलेला, सामान वेगळं बिलासकट. फोनवरच सांगा, दारात उभं राहून नाही. काहीजण तीनशे ऐकून फोन ठेवतील, ठेवू द्या. आणि "एवढं तेवढं फुकट करा की" म्हणणारी नेहमीची माणसं असतात, त्यांना ट्रॅकची ती भोकं मोकळी करून द्या फुकट, रोलर नाही.

पिशवीत काय काय पाहिजे ते वहीच सांगेल तुम्हाला, पण अर्धा इंची वॉशर, टेफ्लॉन, दोन-तीन मापाचे रोलर, स्क्रू आणि भिंतीच्या भोकात बसवायच्या गिट्ट्या, सिलिकॉनची एक ट्यूब आणि जाळीची दोरी एवढं असलं की दुकानाच्या निम्म्या फेऱ्या वाचतात. काम सुरू करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढत जा, तडा गेलेली काच, निखळलेली बिजागरी. नंतर ती तुम्हीच तोडली असं होतं. तुमच्या पोराला एकट्याला ड्रिल देऊ नका अजून, आणि तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या कट्ट्यावर उतरून काहीही लावायचं नाही, पैसे कितीही देऊ देत.

कागदपत्रांचं फार काही नाही. तुमच्यासारखी एक-दोनच माणसं असली की शॉप अ‍ॅक्टमध्ये म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात नोंदणी नाही, नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, कुणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका. जीएसटीची नोंदणी सेवेच्या धंद्याला वर्षाची उलाढाल २० लाखाच्या वर गेली की लागते, आणि त्यात सामानाचे पैसेपण धरतात हे लक्षात ठेवा. आणि आजच बँकेत जाऊन तुमचा आणि त्या पोराचा, त्याला १८ पूर्ण असतील तर, प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. शिडीवर चढणाऱ्या माणसाला २ लाख कमीच आहेत पण आज शून्य आहेत ना.

प्रश्न : काका, मी होटगी रोडला राहते, आम्ही चौघीजणी मिळून सोसायट्यांचे जिने, काचा, पार्किंग साफ करायचं काम घेतो, पैसे माझ्या नावावर येतात. एका सोसायटीनं यंदा बिलातून १ टक्का कापून घेतला, सेक्रेटरी म्हणतात टीडीएस आहे. घरगुती गिऱ्हाईक तर कुणी कापत नाही. हे बरोबर आहे का, का आम्हाला बायका बघून गंडवायलेत?
— एक वाचक

उत्तर : नाही ताई, या वेळी सेक्रेटरी बरोबर आहेत. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून तुमच्या नावानं सरकारकडं भरायचा टॅक्स. एका बिलाला ३० हजाराच्या वर किंवा वर्षभरात मिळून १ लाखाच्या वर गेलं की सोसायटीला कापावंच लागतं, एका माणसाच्या नावावर काम असेल तर १ टक्का. घरच्या कामासाठी बोलावणाऱ्या साध्या कुटुंबाला ती भानगड नाही म्हणून ते कापत नाहीत. तुमचा पॅन त्यांच्याकडं दिलाय ना ते आधी बघा, पॅन नसला तर १ च्या जागी २० टक्के कापतात. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा झाले का ते इन्कम टॅक्सच्या साइटवर तुमच्या टॅक्स कपातीच्या उताऱ्यात (२६एएस म्हणतात तो) दिसतं, सेक्रेटरींनी कापून भरलेच नाहीत असंही घडतं, म्हणून नुसतं त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. तिथं दिसत असतील तर रिटर्न भरा, टॅक्स बसत नसेल तर ते परत येतात. आणि चौघींचे पैसे तुमच्या एकटीच्या खात्यात येतात म्हणून तिघींना किती दिले त्याची सही घेऊन ठेवत जा, रोख दिले तरी.