विचारा बाईंना : इग्वासूला जावं का, आणि कसं?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी नंदगडचा (ता. खानापूर), वय ६४. मुलगा ब्राझीलमध्ये साओ पावलोकडे साखर कारखान्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. तो आम्हा दोघांना बोलावतोय, इग्वासूचा धबधबा दाखवतो म्हणतोय. बायकोचे गुडघे दुखतात, शिवाय आम्ही शाकाहारी. ‘गोकाक, दूधसागर, वज्रपोहा बघून झाले, आता पाणी बघायला एवढ्या लांबच्या जंगलात कशाला?’ असं तिचं म्हणणं. एका दिवसात होतं का? ब्राझीलकडून बघावा की अर्जेंटिनाकडून?
— एक वाचक

उत्तर : भाऊ, जा. आणि वहिनींना घेऊनच जा. दुखऱ्या गुडघ्यांनी एवढ्या मोठ्या पाण्याच्या इतक्या जवळ जाता यावं, अशी सोय मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

उंचीचंच म्हणाल तर वहिनी बरोबर आहेत. आपल्या शेजारचा दूधसागर ३१० मीटर. इग्वासूची सगळ्यात मोठी उडी ८० मीटरच्या आसपास. पण तिथे नदी पावणेतीन किलोमीटर लांबीच्या कड्यावरून सुमारे २७५ धारांनी खाली येते आणि धारांच्या मधेमधे जंगलाची बेटं उभी असतात. एका जागी उभं राहून हे सगळं दिसत नाही, म्हणून एका दिवसाचा हट्ट नको. दोन पूर्ण दिवस ठेवा.

पहिला दिवस ब्राझीलचा. साओ पावलोहून धबधब्याजवळच्या फोझ दो इग्वासू या शहरात विमानाने दोन तासांच्या आत पोचता. उद्यानाच्या दारातून आत बस नेते. पुढे सव्वा किलोमीटरची पायवाट आहे आणि समोर अर्जेंटिनाच्या बाजूच्या धारा ओळीने उलगडत जातात. वाटेत पायऱ्या लागतात, तेव्हा वहिनींना घाई करू देऊ नका. शेवटी लिफ्ट आहे. आधी लांबून सगळा पसारा बघितला की दुसऱ्या दिवशी आपण कुठे उभे आहोत हे कळतं. म्हणूनच हा क्रम.

दुसरा दिवस अर्जेंटिनाचा, आणि तो सकाळी दार उघडल्यापासून. बहुतेक धारा याच बाजूला आहेत. आत छोटी आगगाडी आहे, चालणं निम्म्यावर येतं. वरच्या फेरीला पायऱ्या नाहीत, ती वहिनींनी निवांत करावी. खालच्या फेरीत पायऱ्या आहेत, तिथे तुम्ही आणि मुलगा जा. ‘सैतानाचा घसा’ म्हणतात त्या घळीपर्यंत नदीच्या पात्रावरून किलोमीटरभर सपाट जाळीचा पूल आहे. पायाखाली शांत, रुंद, तपकिरी पाणी. पुढे काही आहे असं वाटतच नाही, आणि मग एकदम जमीन संपते. मी तिथे पोचले तेव्हा चष्म्यावर इतके तुषार होते की तो काढून ठेवला आणि नुसतं ऐकत राहिले. तेवढ्यात काळपट पाकोळ्यांचा थवा सरळ पडत्या पाण्यात घुसला. धारेमागच्या ओल्या खडकावर त्यांची घरटी असतात. वहिनींना त्या पाकोळ्या आवर्जून दाखवा. पुरात हा पूल मोडल्याचे प्रसंग घडलेत, म्हणून निघण्याआधी तो चालू आहे ना हे मुलाला बघायला सांगा.

आता जंगलाबद्दल, कारण वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून इथवर एकेकाळी अटलांटिक वर्षावन सलग पसरलेलं होतं. कॉफी, ऊस, सोयाबीन, गुरांची कुरणं यांच्यासाठी ते तुटत गेलं आणि आज त्याचा लहानसा हिस्सा उरलाय. अर्जेंटिनाने १९३४ मध्ये आणि ब्राझीलने १९३९ मध्ये आपापल्या काठाला राष्ट्रीय उद्यान केलं, म्हणून जग्वार (बिबट्यासारखं मोठं मांजर) आणि मोठ्या चोचीचा टूकन पक्षी अजून तिथे आहेत. सीमा नदीतून जाते, तरी जंगल दोघांनीही राखलं. युनेस्कोच्या यादीत एक उद्यान १९८४ साली गेलं, दुसरं १९८६ साली. आपण सीमाभागातली माणसं. म्हादई नदी आपल्याच खानापूर तालुक्यात उगवते. तिच्या पाणीवाटपावर २०१८ मध्ये लवादाने निवाडा दिला, तरी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांचं भांडण मिटलेलं नाही. त्या भांडणात पाणी किती टीएमसी हे सगळे बोलतात, ते पाणी धरून ठेवणारं भीमगडचं रान फार थोड्यांच्या तोंडी येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्ही खानापूरकर म्हणून इग्वासूचं ते राखलेलं रान बघून या.

खाण्याचं अवघड नाही. ब्राझीलमध्ये वजनावर ताट मिळतं, त्यात भात, भाज्या, कोशिंबिरी भरपूर असतात. काळ्या घेवड्याच्या आमटीत मात्र बऱ्याचदा डुकराचं मांस असतं, विचारूनच घ्या. चीजचे छोटे पाव वहिनींना आवडतील. भडंग, शेंगा चटणी न्या, पण उद्यानात पिशवी उघडू नका. कोआटी नावाचा लांब नाकाचा, पट्टेरी शेपटीचा प्राणी यल्लम्माच्या डोंगरावरच्या माकडासारखा हातातलं हिसकावतो, आणि चावतोही. चावला तर रेबीजची लस घ्यावी लागते.

कागदांचं आधी करा. दोन देश म्हणजे दोन व्हिसा. अर्जेंटिनातून परत ब्राझीलमध्ये शिरायचं असल्याने ब्राझीलचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. पिवळ्या तापाची लस सगळ्यात महत्त्वाची. या देशांतून परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते, म्हणून तुम्ही दोघांनी आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. हे ठरल्याशिवाय तिकीट काढू नका. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरमध्ये हवा बरी असते. जानेवारी, जुलैच्या सुट्ट्या आणि ईस्टरचा आठवडा टाळा.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. उन्हाळ्यात गोकाकचा धबधबा आटतो, तसा इग्वासू आटतो का? तिथला खडक आपल्यासारखाच आहे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, छान विचारलंस. गोकाकची घटप्रभा नदी आपल्या चार महिन्यांच्या पावसावर जगते आणि वर हिडकलचं धरण पाणी अडवतं. इग्वासूच्या खोऱ्यात पाऊस वर्षभर पडतो, त्यामुळे सरासरी सेकंदाला दीड हजार घनमीटर, म्हणजे पंधरा लाख लिटर पाणी वाहतं. पण त्या नदीवरही वरच्या अंगाला विजेची धरणं आहेत. दुष्काळात ती पाणी धरतात आणि धारा बारीक होतात. उलट जून २०१४ च्या पुरात सेकंदाला सुमारे ४६ हजार घनमीटर पाणी आलं होतं.

खडकाचं म्हणशील तर गोकाकचा कडा वाळूच्या कठीण खडकाचा आहे, आणि इग्वासूचा बेसाल्टचा. तो सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचं वय साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे त्याच्या निम्मं. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत, म्हणून तिथल्या कित्येक धारा दोन टप्प्यांत पडतात. खालचा खडक झिजला की वरचा कोसळतो आणि धबधबा मागे सरकतो. इग्वासू पाराना नदीला जिथे मिळते तिथून असा सरकत तो आज वीसेक किलोमीटर आत आलाय. गोकाकलाही कड्याखाली मोठमोठ्या शिळा पडलेल्या आहेत. पुढच्या वेळी गेलीस की झुलत्या पुलाकडून त्या नीट बघ आणि वहीत काढून मला पाठव.