पुढे हलवण्याआधी

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

शहाद्याला दहा खाटांचं हॉस्पिटल टाकतेस, फार चांगलं. आयसीयूचा बोर्ड लावू का, असं विचारलंस. व्हेंटिलेटर आणि रात्री तो चालवणारा माणूस, दोन्ही असतील तर लाव. नाहीतर पुढे भांडण त्या बोर्डावरूनच होतं. मारहाण, कोर्टकचेरी, कट म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, नोंदी हे बाकीचे प्रश्न तू वेगवेगळे विचारलेस. मला ते वेगळे वाटत नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या डॉक्टरची खरी परीक्षा एकाच ठिकाणी होते: पेशंट पुढे मोठ्या हॉस्पिटलात कधी हलवायचा, कसा हलवायचा, आणि हलवण्याआधी आपल्या हातून काय व्हायला हवं.

साप घे. पावसाळा लागला की पहाटेचे पेशंट येतील. पपईच्या नाहीतर उसाच्या शेतात राखणीला गेलेला, रात्री जमिनीवर झोपलेला. तक्रार एवढीच, ‘पोट दुखस’. एखादी उलटी. सूज नाही, दाताची खूण नाही, साप कुणी पाहिलेला नाही. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवावं असं वाटेल. त्याआधी त्याला वर बघायला सांग. पापण्या उचलत नसतील, थुंकी गिळता येत नसेल, तर मण्यार समज आणि कामाला लाग. घोणस, फुरसं यांची गोष्ट वेगळी. तिथे रक्त गोठतं का ते बघायचं. काचेच्या स्वच्छ, कोरड्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरकी करून पाहायची. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये ही टेस्ट फसवते. फसलेली टेस्ट घेऊन धुळ्यापर्यंत आलेले पेशंट मी पाहिलेत.

आपल्याकडची एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. विषबाधेची लक्षणं दिसली की आठ ते दहा व्हायल्सनी, म्हणजे कुप्यांनी, सुरुवात कर. लहान मुलालाही तेवढ्याच. साप मुलाचं वजन बघून विष सोडत नाही. स्किन टेस्टमध्ये वेळ घालवू नकोस, रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रेनालिन मात्र सिरिंजमध्ये भरून जवळ ठेव. पायाला रुमाल करकचून बांधून आणतील. तो आल्या आल्या सोडू नकोस, एएसव्ही सुरू करून मग सोड. मण्यारच्या पेशंटला एएसव्ही दिली म्हणजे श्वास वाचला असं नाही. एकदा ढिले पडलेले स्नायू तिने लगेच उभे राहत नाहीत. शहाद्याहून धुळं दोन तास धर. श्वास उथळ वाटत असेल तर श्वासनलिकेत ट्यूब टाकूनच गाडीत घाल आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास देण्याची पिशवी, दाबणारा माणूस सोबत दे.

एकही व्हायल न देता ‘धुळ्याला हलवा’ म्हणणारे डॉक्टर तुला भेटतील. त्यातले बरेचसे अडाणी नसतात, घाबरलेले असतात. रिॲक्शन आली तर काय, पोलीस केस झाली तर काय? रिॲक्शनचं औषध तुझ्या ट्रेमध्ये आहे. पोलीस केसचं उत्तर सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा खटल्यात देऊन ठेवलंय: आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो की खाजगी, डॉक्टरवर ते बंधन आहे.

कपाशीच्या हंगामात ‘औषध घेतलेले’, म्हणजे कीटकनाशक प्यायलेले, येतील. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन किती द्यायचं ते तुला शिकवायला नको. मी वेगळं सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागतो, घरचे डिस्चार्ज मागतात. त्या वेळी त्याला उशीवरून मान उचलायला सांग. उचलता आली नाही तर घरी सोडायचं नाही. श्वासाचे स्नायू दगा देण्याआधी मान सांगते. नातेवाईक हात जोडतील, पोलिसांना कळवू नका म्हणून. कळवायचंच. पण त्यांना शांतपणे सांग की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा व्हावी म्हणून आपण कळवत नाही. त्यांची निम्मी भीती तिथेच जाते.

अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडचं पोर हातपाय दुखतात म्हणून आलं तर सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीय का, हे पहिलं विचार. राष्ट्रीय मोहीम 2023 मध्ये सुरू झाली, तपासण्या होतात, पण कागद घरी पत्र्याच्या पेटीत राहतो. वाटेत कुणीतरी स्टेरॉइडची सुई टोचलेली असते. दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुखणं दुप्पट होऊन येतं.

आता चिठ्ठी. ‘रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढं लिहून कागद फाडून देऊ नकोस. पेशंट किती वाजता आला, तेव्हा नाडी, बीपी, शुद्ध कशी होती, एएसव्ही किती व्हायल्स आणि किती वाजता, ट्यूब टाकली का, हलवताना अवस्था काय होती, आणि तुझा मोबाइल नंबर. चिठ्ठीच्या आधी फोन. तिथे व्हेंटिलेटर रिकामा आहे का ते विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. 108 येईपर्यंत तू हेच काम करत बस.

मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात निवासी डॉक्टरला जमावाने मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, राज्यभर डॉक्टर संपावर गेले. तू तेव्हा शिकत असशील. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा 2010 चा कायदा त्याआधीही होता: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. कायदा हवाच, पण तो मार बसल्यानंतर येतो. त्याआधी घरच्यांपैकी एक समंजस माणूस निवड, बहुतेकदा ती पेशंटची बहीण किंवा मोठा भाऊ असतो, आणि दर तासाला त्यालाच सांग. बिघडतंय तर बिघडतंय म्हण. सकाळी ‘बरं आहे’ आणि संध्याकाळी ‘हलवा’ हे ऐकलं की माणसं खवळतात, आणि त्या रागाला थोडा आधार असतो हेही मान.

कटबद्दल तू चाचरत विचारलंस. कुठेही पेशंट पाठवलास की पाकीट येईल, ॲम्ब्युलन्सवालाही आपलं गणित सांगेल. 2023 च्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. त्यामुळे 2002 चे नियम अजून लागू आहेत आणि त्यात कमिशन घेणं-देणं दोन्ही गैरवर्तन आहे. पण नियम राहू दे. पाकीट घेतलंस की पुढच्या वेळी पेशंट कुठे पाठवायचा हे तू ठरवत नाहीस. जिथे व्हेंटिलेटर रिकामा आहे तिथे न जाता गाडी दुसरीकडे वळते. पहिलं पाकीट पहिल्याच महिन्यात परत कर. बातमी आठवड्यात नंदुरबारपर्यंत जाते, मग कुणी विचारत नाही.

कोर्टाचं थोडक्यात. 1995 पासून आपण ग्राहक कायद्याखाली आहोत. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी निष्काळजीपणाचा ठपका ठेवायला वरची पट्टी लावली. जुलै 2024 पासून निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहे, त्यात डॉक्टरसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा. हे माहीत असू दे, उशाशी घेऊन झोपू नकोस. केसपेपर वेळ घालून लिही, तीन वर्षं जपून ठेव, मागितला तर 72 तासांत दे. दिला नाही की चांगल्या केसलाही वास यायला लागतो. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद काउंटरजवळ लाव, 2021 पासून ती लावावीच लागते.

व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून ‘मॅडम, काय घेऊ’ विचारणाऱ्यांना फी सांग. निम्मे गप्प होतील. बाकीचे खरे आजारी असतात, त्यांना बोलावून घे.

तू जळगावची, अहिराणी समजून घेशील. धडगावकडच्या आदिवासींची पावरी बोली नाही समजणार, आणि पोट कधीपासून दुखतंय, रात्री कुठे झोपला होता हे सगळं तुला पावरीतच विचारावं लागेल. धडगावकडची पावरी बोलणारी सिस्टर बघ. तिला वीस मिनिटांची टेस्ट आणि अंबू बॅग दोन्ही शिकव, रात्रपाळी तिच्याच भरवशावर चालणार आहे. पगार हजार-दोन हजार जास्त मागितला तरी घासाघीस करू नकोस.

तुझा,
सर