पान्याला पाईप लावला की जाम नट कसा सुटतो?

प्रश्न : नमस्कार सर, द्राक्षांची पिकअप घेऊन दिंडोरीहून नाशिकला येताना पंक्चर झालो. व्हील पाना लावून दोघांनी जोर केला, नट हलेना. मग एका ट्रॅक्टरवाल्या दादांनी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घातला आणि एकट्याने सहज सोडवला. ताकद तर आमचीच जास्त होती ना?

उत्तर : हो, ताकद तुमचीच जास्त होती, पण नट नुसत्या ताकदीने फिरत नाही, ताकद गुणिले नटापासूनचं अंतर एवढं त्याला लागतं, यालाच टॉर्क म्हणतात, शाळेत आपण आघूर्ण म्हणून शिकलो ते. समजा दांडा 25 सेंटीमीटरचा आहे आणि तुम्ही 40 किलोचा भार दिलात, म्हणजे साधारण 400 न्यूटन, तर नटावर 100 न्यूटन-मीटर पडले. पाईप लावून हात नटापासून 1 मीटरवर गेला की त्याच 40 किलोत 400 होतात! फुकट मात्र काहीच मिळत नाही, पाव फेरा फिरवायला आधी हात 39 सेंटीमीटर फिरत होता, आता 157 फिरवावा लागतो, म्हणजे एकूण काम तेवढंच.

अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. पाना कसा धरलाय यावर पण खूप अवलंबून असतं. साध्या उजव्या आट्याचा नट सोडवताना दांडा तुमच्या डाव्या हाताला, जमिनीला समांतर, घड्याळात 9 वाजतात तिथे ठेवा आणि खाली दाबा. तोच दांडा 11 वर असताना खाली दाबलं तर अर्धाच टॉर्क मिळतो, कारण मोजायचं असतं ते जोराच्या रेषेपासूनचं लंब अंतर, दांड्याची लांबी नाही. अगदी 12 वर असेल तर कितीही दाबा, शून्य.

आणि कृपा करून पाईप लावून नट आवळू नका. छोट्या कारला साधारण 100 न्यूटन-मीटर पुरतात, पिकअपचा आकडा मॅन्युअलमधे बघा. पाईपने तिप्पट-चौपट सहज होतं आणि मग आटे जातात नाहीतर स्टड तुटतो.

प्रश्न : मी अकरावीत आहे, पंचवटीत राहते. मीटरपट्टी मधोमध टांगून 20 वर 200 ग्रॅम लावलं तर 300 ग्रॅम कुठे लावायचं? आणि पट्टीचं स्वतःचं वजन का नाही धरत?

उत्तर : 70 वर लाव. डावीकडे 200 गुणिले 30, उजवीकडे 300 गुणिले 20, दोन्ही 6000. दुसरा प्रश्न तर फारच छान विचारलास. पट्टीचं वजन जणू 50 च्या खुणेवरच असतं आणि दोरी पण तिथेच आहे, अंतर शून्य म्हणून आघूर्ण शून्य. दोरी 40 वर सरकवलीस तर मात्र पट्टीचं वजन 10 सेंटीमीटरवर धरावंच लागेल, आणि त्यावरूनच तराजूशिवाय पट्टीचं वजन काढता येतं. 40 वर दोरी ठेव, डाव्या बाजूला 50 ग्रॅम सरकवत पट्टी सरळ कर, ते 20 वर आलं तर पट्टी 100 ग्रॅमची. घरी करून बघ आणि आकडे कळव.