कुकडी नदीच्या काठाने दोन दिवस फिरायचं तर काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की शिवनेरी, लेण्याद्री, ओझर आधीच झालंय, आता कुकडीच्या काठाने आणखी काय पाहता येईल? माझं आजोळ याच काठावरचं. माझं सांगणं एवढंच, की ठिकाणं सुटी सुटी पाहू नका. उगमापासून नदीबरोबर खाली या.

सुरुवात पूर गावच्या कुकडेश्वरापासून करा. जुन्नरहून आपटाळेमार्गे नाणेघाटाकडे निघालं की चावंड किल्ल्याच्या पलीकडे हे गाव लागतं. कुकडीचा उगम इथलाच मानतात. मंदिर शंकराचं, जुनं, दगडी. भिंतींवरचं कोरीव काम पाहायला निवांत तासभर ठेवा. गर्दी जवळपास नसतेच.

तिथून नाणेघाट गाठा. जकातीचा दगडी रांजण सगळे पाहतात, पण खरा ठेवा घाटातल्या गुहेत आहे. सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख तिथे भिंतीवर आहे. केलेले यज्ञ, दिलेलं दान, सगळं आकड्यांसकट कोरलंय. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. मला दर वेळी तिथून पाय निघत नाही.

परतताना माणिकडोह धरणाचं पाणी दिसत राहतं, त्यावर हडसर किल्ला. मे महिन्यात पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक पिकं घेतात. गाळपेर म्हणतात त्याला. लहानपणी मामाबरोबर तिथली काकडी खाल्लीय, तशी चव पुन्हा मिळाली नाही. या खोऱ्याचं जुनं नाव कुकडनेर. शेजारच्या मीना नदीचं ते मीननेर.

जुन्नरच्या खाली नदी ओझरला विघ्नहर गणपतीच्या देवळापाशी येते. तुमचं दर्शन झालेलं आहे, तरी घाटावर थोडं बसा. जवळच येडगाव धरण आहे. तिथून निघालेला डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. "आवर्तन कधी सुटणार?", म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी कधी येणार, हा प्रश्न त्या पट्ट्यात उन्हाळाभर ऐकू येतो. धरणाकडच्या आणि कालव्याखालच्या गावांत पाण्यावरून वाद होतात, आणि दोन्हीकडच्यांचं दुःख खरं आहे.

दुसरा दिवस पूर्ण निघोजसाठी ठेवा. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, आणि मधे काळ्या बेसॉल्टमध्ये नदीने कोरलेले रांजणखळगे. तिकडे 'कुंड' म्हटलं की कोणीही वाट दाखवेल. खडकातल्या खळग्यात गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि खडक आतून घासत नेतात. हजारो वर्षं हेच चाललंय. काही खळगे एकमेकांत फुटून मोठी कुंडं झालीत. काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. चैत्रात निघोजला देवीची मोठी यात्रा भरते.

पावसाळ्यात खळगे पाण्याखाली असतात, नदीला पाणी सोडलेलं असलं तरी दिसत नाहीत. उलट कुकडेश्वर आणि नाणेघाट पावसात सुंदर. दोन्ही एकाच फेरीत हवं असेल तर दिवाळी झाल्यावर या, आणि निघण्याआधी निघोजमध्ये कोणाला तरी फोन करून नदीला पाणी आहे का ते विचारा. कुंडांच्या कडा गुळगुळीत आहेत, आत डोह खोल आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका.