आधी होडी उलटू द्या : पाण्यावरच्या शिबिराबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी लेक साडेनऊ वर्षांची आहे. मे महिन्यात पवना धरणाच्या जलाशयावर तिचं पाच दिवसांचं शिबिर आहे. शिडाची होडी शिकवणार आहेत. पहिल्याच दिवशी मुलांना होडी मुद्दाम उलटी करायला लावतात असं कळलं, तेव्हापासून जिवाची घालमेल होते आहे. हे खरंच गरजेचं आहे का? – एक आई, चिंचवड

उत्तर : गरजेचं आहे, आणि तेही पहिल्याच दिवशी. उलटण्याची धास्ती घेतलेलं मूल होडी कलली की शिडाचा दोर सैल सोडण्याऐवजी आवळून धरतं. वारा शिडात कोंडतो आणि होडी त्यामुळेच उलटते. एकदा उलटून, सरळ करून, परत आत चढून बसलं की हाताची मूठ आपोआप सैल होते.

या वयाला बहुधा ‘ऑप्टिमिस्ट’ देतात. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठीच आखलेली ही बोथट नाकाची होडी. लांबी सुमारे २.३ मीटर, वजन ३५ किलो, शीड एकच. आत दोन्ही बाजूंना आणि मागच्या टोकाला हवेच्या पिशव्या बांधलेल्या असतात, म्हणून ती उलटली तरी तरंगत राहते. मुलांना सांगायची पहिली गोष्ट हीच : होडी सोडायची नाही, काठाकडे पोहत सुटायचं नाही.

होडी आडवी झाली की मुलाने आधी ‘मी ठीक आहे’ असं ओरडून सांगायचं. मग शिडाचा दोर मोकळा आहे ना ते बघायचं. होडीला एक हात लावूनच तळाच्या बाजूला यायचं. तिथे डॅगरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरणारी फळी, आता आडवी बाहेर आलेली दिसते. तिच्यावर दोन्ही हातांनी भार द्यायचा. नाहीच हलली तर वर चढून उभं राहायचं, पण होडीच्या अंगालगत, कारण टोकावर उभं राहिलं तर फळी मोडते. शिडातलं पाणी निथळायला वेळ लागतो, तेवढा वेळ नुसतं लटकून राहायचं. होडी सरळ झाली की मागून किंवा बाजूने आत, आणि लगेच डबड्याने पाणी उपसायला सुरुवात. पाण्याने भरलेली होडी डचमळते आणि परत उलटते, म्हणून आधी उपसणं, मग शीड.

चुकतं कुठे? फळी बांधलेली नसेल तर ती निसटून वाहून जाते आणि सरळ करायला आधारच उरत नाही. हवेच्या पिशव्या मऊ पडल्या असतील तर होडी खोल बसते, उपसलेलं पाणी कडेवरून पुन्हा आत येतं. सकाळी त्या हाताने दाबून बघाव्यात. शीड वाऱ्याच्या बाजूला पडलं असेल तर ते वर येताना वारा खालून शिरतो आणि होडी पलीकडे, मुलाच्याच अंगावर, कोसळते. अशा वेळी आधी होडीचं नाक वाऱ्याकडे वळवून घ्यायचं.

कधी मूल शिडाखाली सापडतं. तळहाताने कापड वर ढकललं की श्वासापुरती जागा होते. मग एक शिवण पकडून ती संपेपर्यंत सरकत जायचं, कड येतेच. हे आधी कमरेएवढ्या पाण्यात, नुसतं शीड पसरून करून घ्यावं. खरा सराव मात्र किमान साडेतीन मीटर खोल पाण्यात हवा. मे महिन्यात जलाशय आटलेले असतात; उथळ पाण्यात होडी पालथी झाली की डोलकाठी गाळात रुतते.

प्रश्न : पोहता न येणाऱ्या मुलाला लाइफ जॅकेट पुरेसं आहे का? – एक बाबा, नाशिक

उत्तर : जॅकेटवरची चिठ्ठी वाचा, जॅकेट किती भार तरंगवतं त्याची पातळी तिच्यावर आकड्यात असते. ‘५०’ पातळीचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, मदत हाताशी असताना. न पोहणाऱ्याला ‘१००’चं द्यावं. माप वयावरून नाही, वजनावरून घ्या. चेन लावा, पट्टे खालून वर आवळत या, मग खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकत असेल तर पाण्यातही सरकेल. दोन मांड्यांमधून जाणारा पट्टा लहानग्यांना हवाच. एवढं करूनही कमरेभर पाण्यात पाय उचलून तरंगायला लावा. तोंड बाहेर राहिलं तरच होडीत बसवा. आणि संयोजकांना विचारा : मुलं पाण्यात असताना बचावाची मोटरबोट पाण्यावरच असते का, जीवरक्षकाचं प्रशिक्षण कुठे झालंय? गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत असे अभ्यासक्रम चालतात.

प्रश्न : आमच्या शिबिरात मुलांची कयाक, म्हणजे दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, सरळ जातच नाही, गोल फिरते. दहा मिनिटांत हात भरून येतात. – एक शिक्षक, भोर

उत्तर : आधी वल्हं मोजा. मोठ्यांचं २२० सेंटिमीटरचं वल्हं मुलांना जड पडतं. १८० ते २०० पुरतं. ते आडवं डोक्यावर टेकवून दोन्ही कोपरं काटकोनात येतील तिथे पकड ठेवा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. निम्मी मुलं इथेच चुकतात. पातं पावलाजवळ पूर्ण बुडवून कमरेपाशी बाहेर काढायचं. कमरेच्या मागे ओढत नेलं की कयाकचं नाक फिरतं. जोर दंडातून नको, खांदे वळवून धडातून यावा. पाय टेकूला भिडलेले आणि गुडघे किंचित वाकलेले असले की ते जमतं.

नाक डावीकडे वळू लागलं तर डावीकडे एक लांब, बाहेरून गोलाकार वल्हं मारायचं, पण वळण जाणवताक्षणी. मुलं पात्याकडे बघत बसतात, म्हणून उशीर होतो. समोरच्या काठावरचं एखादं झाड नेमून द्या. आणि तळाची बुचं घट्ट लावलीत ना, तेही तपासा. आत पाणी शिरलेली कयाक कोणालाच वळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात कोणती वेळ चांगली? – एक वाचक, सातारा

उत्तर : सकाळी साडेसहा ते दहा. दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, आणि नवखं मूल वाऱ्याबरोबर सहज लांब जातं. परत येताना त्याची दमछाक होते. म्हणून जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. वळवाचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांनी काठावर यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होडी पाण्यात ढकलायची नाही.