प्रकटीकरण जरा थांबून उघडा

भाऊ, शेवटच्या काळाविषयी वाचायला घेतलं, छानच. पण सुरुवात प्रकटीकरणापासून, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकापासून नको. आधी मत्तय २४, मग १ थेस्सलनीकाकरांस ४ आणि ५. दानीएल त्यानंतर. प्रकटीकरणातले सात शिक्के, सात कर्णे, हजार वर्षांचं राज्य हे सध्या राहू द्या. त्यावर जुन्याजाणत्या पाळकांचंही एकमत नाही.

नवखे हमखास कुठे चुकतात?

- ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याची तारीख काढणं. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती. दिवस आला नि गेला. मत्तय २४:३६ प्रमाणे ती घटका पुत्रालाही, म्हणजे खुद्द येशूलाही ठाऊक नाही, मग यूट्यूबवाल्याला कुठून कळली?

- बातमी आधी, वचन नंतर. फॉरवर्डमधली ओळ दिसली की आख्खा अध्याय वाचा.

- मंडळ्यांमधल्या प्रत्येक मतभेदाला विश्वासाशी 'तडजोड' आणि शेवटच्या काळातला धर्मत्याग म्हणणं. नागपुरात तरी हे जपूनच बोला. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा, तिथे दोन्ही चालतात. कुणाला खटकतं, खटकू द्या. तो धर्मत्याग नव्हे. पण व्यासपीठावरून ख्रिस्ताचं पुनरुत्थान किंवा त्याचं पुन्हा येणं नाकारलं गेलं, तर गप्प राहू नका. १ करिंथकरांस १५ वाचून पाळकसाहेबांना घरी जाऊन भेटा. उपासना सुटल्यावर दारातच, चार लोकांसमोर वाद घालू नका. आणि मंडळी सोडायची घाई तर मुळीच नको.