‘हवेचं आहे, बांधकाम नाही’ म्हणून समुद्रातल्या तरंगत्या वॉटरपार्कला पर्यावरणाची परवानगी लागत नाही का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चोपड्याचे. आतेभावासोबत मालवणच्या बाजूला समुद्रात हवेनं फुगवायचं तरंगतं वॉटरपार्क टाकायचंय. विकणारी कंपनी सांगते की यात सिमेंट नाही, पाया नाही, हवा सोडली की गुंडाळून ट्रकमध्ये, म्हणून पर्यावरणाची परवानगी लागत नाही. सोमवारपर्यंत तीस टक्के ॲडव्हान्स मागितलाय. आणि तिकडे नाहीच जमलं, तर तेच पार्क आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या हतनूरच्या नाहीतर वाघूरच्या धरणात टाकता येईल का.

परवानगी लागते. आणि ती हातात नसताना, पैसे परत मिळण्याची लेखी अट नसेल तर, ॲडव्हान्स भरू नका.

मी सावद्याचा, राहतो भुसावळला. आठ वर्षं कोकणात सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कामांच्या पर्यावरण परवानगीचे, अर्ज बांधायचं काम केलं. त्यातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट आधी सांगतो, कारण तुम्ही आज जिथे उभे आहात तिथेच तो होता. तोही आपल्याच भागातला. त्यानं पार्क आधी मागवलं, जागा नंतर बघू म्हणाला. माल आला तेव्हा साधा अर्जसुद्धा दाखल नव्हता. किनाऱ्याजवळ एक शेड भाड्यानं घेऊन तिथे घड्या रचून ठेवल्या. पावसाळा गेला, पुढचा हंगामही कागदातच गेला. घडी उघडायला मला बोलावलं होतं. ताडपत्रीसारखं जाड पीव्हीसी, घडीच्या आत ओल धरून काळं पडलेलं, आणि घसरगुंडीच्या तुकड्याला उंदरांनी पाडलेली बोटभर भोकं. तो माणूस त्या भोकात बोट घालून नुसता बसून राहिला. बोअर लागण्याआधी आपण मोटर विकत घेतो का? केळीवाला तर नाहीच घेत. मग इथे उलटं का करायचं?

आता कायद्याचं. आपल्याकडे कायदा म्हटलं की सातबारा, गट नंबर, एनए. समुद्राला सातबारा नाही, म्हणून तिथे कुणाचा कायदा चालत नाही असं वाटतं. पण १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १८ जानेवारी २०१९ला निघालेली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. तिला सगळे सीआरझेडच म्हणतात. ओहोटीच्या रेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी तिच्यात ‘४ अ’ वर्गात येतं. आणि नुसतं पाणी नाही, त्याखालचा समुद्रतळसुद्धा. खाडी ‘४ ब’मध्ये येते, मुखापासून आत जिथपर्यंत ऐन उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारी ५ भाग असते तिथपर्यंत. म्हणजे ‘समुद्रात नको, देवबागच्या खाडीत टाकू’ म्हटल्यानं सुटका होत नाही.

‘तरंगतं वॉटरपार्क’ हा शब्द त्या अधिसूचनेत कुठे सापडणार नाही. कंपनीवाले नेमकं हेच बोट दाखवतात. पण नाव नसणं म्हणजे सूट नव्हे. नाव नसलं की तुमची वस्तू कोणत्या परवानगीयोग्य कामात बसते हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं, उलट काम वाढतं. शिवाय ते पार्क तरंगतं खरं, पण सुटं नसतं. वारा-लाटांत जागेवर राहावं म्हणून त्याला चहूबाजूंनी दोर असतात, आणि दोरांच्या टोकाला तळावर ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे, नाहीतर वाळूत पिळून घातलेले स्क्रू अँकर. कंपनीचं माहितीपत्रक उघडा. वरचे रंगीत फोटो सोडा, अँकरचं पान शोधा. अर्जात तुम्हाला त्या पानाचाच जाब द्यायचाय.

एकदा एका ठिकाणी जुन्या बोया बांधलेल्या होत्या, तिथे स्थानिक पाणबुड्याला कॅमेरा देऊन खाली पाठवलं होतं. ठोकळा आपल्या जागी होता. पण त्याच्याभोवती साखळीनं तळ घासून घासून घाण्याच्या बैलानं पाडावा तसा गोल पडलेला. गोलाच्या आत काही नाही, शिंपलासुद्धा नाही. बाहेर शेवाळ, खेकड्यांची बिळं, सगळं जिवंत. हे होतं भरती-ओहोटीमुळे. मालवणकडे उधाणाला पाण्याची पातळी दोन-अडीच मीटर वरखाली होते, उत्तरेला मुंबईकडे तर ५ मीटरच्या आसपास. भरतीला जो दोर ताठ असतो तो ओहोटीला सैल पडून तळावर लोळतो, आणि रोज दोनदा लोळतो. म्हणून अर्जात लिहायचं असतं की दोरात मधे ताणला जाणारा लवचीक तुकडा आहे का, तळापासून उचलून धरायला मधे बोया आहे का, स्क्रू अँकर आहे की ठोकळे. माझं मत विचाराल तर ठोकळे नकोतच. स्क्रू अँकर जागा कमी खातो आणि काढल्यावर मागे काही उरत नाही. पण तो वाळूतच बसतो, खडकावर किंवा प्रवाळावर नाही.

प्रवाळाचा विषय आला म्हणून सांगतो. मालवणचा सागरी अभयारण्याचा पट्टा १९८७ साली जाहीर झालाय, २९.१२ चौरस किलोमीटरचा, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. तुमची जागा त्यात पडली तर सीआरझेड बाजूला राहू द्या, आधी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणि मुख्य वन्यजीव रक्षक. प्रवाळ त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. अशा जागेचा नाद सोडा, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगायचो. कासवांचंही बघा. ऑलिव्ह रिडले थंडीत किनाऱ्यावर अंडी घालतात आणि पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी समुद्रात जातात. नेमका तोच तुमचा हंगाम. पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, त्यामुळे पार्कवर रात्री दिवे लावायचे नाहीत हे अर्जात स्वतःहूनच लिहून द्या.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायचो ती, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. मालवण-तारकर्ली भागात रापण चालते. लांबच लांब जाळं होडीनं समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून वीस-पंचवीस माणसांनी ओढायची. त्या गोलाच्या मधोमध तुमचे आठ-दहा अँकर आणि दोर आले तर जाळं अडकणार, फाटणार, आणि त्या दिवशीचं त्या सगळ्यांचं पोट जाणार. नकाशावर ते पाणी मोकळं दिसतं. ते मोकळं नसतं. कुठल्या महिन्यात, कुठल्या पट्ट्यात रापण लागते हे तिथल्या म्हाताऱ्या रापणकरालाच ठाऊक. मच्छीमार सहकारी संस्थेचं पत्र हा अर्जातला एक कागद म्हणून बघू नका. आधी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, त्यांनाच विचारा की कुठे टाकलं तर तुमची अडचण होणार नाही. मी पाहिलेल्या वादांतले बरेचसे इथूनच उठले, आणि त्यात मच्छीमारांची बाजू खरी होती. आपण चोपड्याहून तिथे जाणार, ते पिढ्यान् पिढ्या तिथे आहेत. आपल्या बांधावर कुणी न विचारता खांब रोवला तर आपण काय करू?

प्रत्यक्ष अर्जाची वाट अशी. राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे एमसीझेडएमएकडे, केंद्राच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज जातो. सोबत १:४००० प्रमाणाचा सीआरझेड नकाशा लागतो, आणि तो केंद्रानं मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच बनवून घ्यावा लागतो, आपला ड्राफ्ट्समन चालत नाही. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जागेवरचे ४० मीटर. तुमचं चाळीस बाय साठचं पार्क त्यावर अंगठ्याच्या नखाएवढं दिसेल. मी गिऱ्हाइकासमोर नकाशा पसरून खरंच अंगठा ठेवायला लावायचो. नख भरतीच्या रेषेला टेकतंय का, कांदळवनाला टेकतंय का, बोटींच्या वाटेत येतंय का, सगळं तिथेच कळतं. हजार चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टाही सोडावा लागतो. नकाशासोबत पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल, आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं पत्र. प्राधिकरणानं पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची असते. ‘पूर्ण’ या शब्दावरच महिने जातात. अधिसूचनेच्या मूळ मजकुराप्रमाणे ४ वर्गातल्या कामाची अंतिम मंजुरी दिल्लीची, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची. म्हणजे यंदाच्या दिवाळीचा हंगाम मनातून काढून टाका.

पाण्यात पार्क टाकलं की किनाऱ्यावर कपडे बदलायची खोली, शौचालय, शॉवर आलेच. ते तात्पुरत्या स्वरूपाचे, ग्रामीण भागातल्या, सीआरझेडच्या तिसऱ्या वर्गाच्या किनाऱ्यावर चालतात, पण भरतीच्या रेषेपासून किमान १० मीटर मागे. शॉवरचं आणि शौचालयाचं पाणी वाळूत सोडायचं नाही. टाकी, टँकर, पावत्या. पावत्या जपून ठेवा, मंजुरी मिळाल्यावर दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो.

याशिवाय महाराष्ट्र सागरी मंडळाची जलक्रीडेची परवानगी वेगळी आणि २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाखालची नोंदणी वेगळी. जीवरक्षक गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेतून शिकलेले घ्या. पार्क आयएसओ २५६४९ या मानकाचं आहे का ते कंपनीकडून लेखी घ्या. मेअखेरीस जलक्रीडा बंद होते ती पावसाळा संपेपर्यंत, तेव्हा हिशेब आठ-नऊ महिन्यांचाच धरा.

आता हतनूर आणि वाघूर. इथे सीआरझेड नाही हे खरं. पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांतूनही पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळलेत. म्हणून कुणीतरी तुम्हाला सांगेल की धरणात काहीच लागत नाही. पण पाणी तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं आहे, त्यांच्या लेखी करारावाचून तिथे होडीसुद्धा सोडता येत नाही. वाघूर तर विषयच नको. जळगाव शहर ते पाणी पितं. दिवसाला पाचशे माणसं सनस्क्रीन चोपडून जिथे उड्या मारणार ते पाणी माझी बहीण जळगावात मेहरूणला नळाखाली भरणार, हे मला स्वतःला पटत नाही. मग नियम काहीही म्हणोत.

हतनूरवर माझा जीव आहे, म्हणून तिथलं जरा सविस्तर. ४१ दरवाजांचं धरण, तापीचा आणि पूर्णेचा गाळ पोटात घेऊन बसलेलं. गाळामुळे बरंच पाणी उथळ. पावसाळ्यात पुरासाठी दरवाजे उघडतात तेव्हा तिथे काही बांधून ठेवण्याचा प्रश्नच नाही. पाणी साठतं ते पावसाळा सरताना, आणि मग दीपनगरचं वीजकेंद्र, वरणगावची फॅक्टरी, भुसावळ, कालवे, सगळे ते ओढतात. मार्च-एप्रिलपर्यंत कडेचं पाणी इतकं मागे सरतं की नोव्हेंबरमध्ये टाकलेलं पार्क चिखलात बसेल. समुद्रात पाणी रोज वरखाली होतं, इथे एका हंगामात एकदाच, पण अँकर मात्र सारखे हलवावे लागतील आणि प्रत्येक वेळी तळाचा गाळ ढवळेल.

आणि पक्षी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे उत्तरेकडून चक्रवाक येतात, लालसरी बदकं येतात, ती त्याच उथळ पाण्यावर जगतात. जानेवारीत पहाटे सहाला चांगदेवच्या बाजूला संगमावर उभे राहा. धुकं असतं, आधी नुसता आवाज येतो, मग पाणी तांबूस दिसायला लागतं, आणि लक्षात येतं की ते पाणी नव्हे, बदकांची डोकी आहेत. तिथे स्पीकर लावून हवेची घसरगुंडी टाकायची परवानगी उद्या कुणी दिलीच, तर मी स्वतः पुण्याच्या हरित लवादात अर्ज घेऊन जाईन. हे तुम्हाला दरडावायला सांगत नाही. तुम्ही मन मोकळं करून विचारलंत, म्हणून मीही मनातलं सांगितलं.

तुमच्या मनात जलक्रीडाच असेल तर मी म्हणेन मालवणच धरा, पण अभयारण्याच्या हद्दीबाहेर, वाळूचा तळ असलेली, रापण न लागणारी जागा. पार्क छोटं घ्या. पुढच्या महिन्यात दोघं भाऊ चार दिवस तिथे जाऊन राहा, एक उधाण आणि एक भांग (पाणी सगळ्यात कमी वरखाली होतं ते दिवस) स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मच्छीमार संस्थेत बसा. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर टिपून आणा. त्यावरून मान्य झालेल्या सीआरझेड नकाशात ती जागा कशात पडते हे बघायला अर्धा दिवस पुरतो, आणि तेवढं मी एक पैसा न घेता करून देईन.

राहिला सोमवार. कंपनीला सांगा की ॲडव्हान्स देतो, पण करारात दोन ओळी घाला: सीआरझेड मंजुरी नाकारली गेली तर पूर्ण रक्कम परत, आणि मंजुरीच्या पत्राची प्रत मिळेपर्यंत माल पाठवायचा नाही. ‘परवानगी लागतच नाही’ हे ते जे तोंडी सांगताहेत, तेही लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून मागा. ते लिहून देत नसतील, तर चेकबुक घरीच ठेवा.